दोन जिल्ह्यांएवढा स्लोव्हेनिया आणि आपला महिला टेनिस संघ

चिऱ्याची_भिंत (रत्नागिरी) यांचा प्रश्न

एप्रिल २०२५ मध्ये बिली जीन किंग चषक या महिलांच्या देशोदेशींच्या सांघिक टेनिस स्पर्धेच्या आशिया-ओशनिया गट एकच्या लढती पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाल्या, तेव्हा मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन एक दिवस त्या पाहायला गेलो होतो. पहाटे रत्नागिरीहून निघालो होतो, पण साखरप्याच्या पुढे घाट सुरू होण्याआधीच गाडीचे चाक पंक्चर झाले, स्टेपनीतही हवा कमी निघाली, आणि या सगळ्यात हाँगकाँगविरुद्धची पहिली एकेरी हुकली. दुहेरी मात्र आम्ही पूर्ण पाहिली. लढत १-१ अशी बरोबरीत होती आणि अंकिता रैना व प्रार्थना ठोंबरे कोर्टवर उतरल्या होत्या. मुलीचे लक्ष चेंडूकडे कमीच होते. सर्व्हिस होण्याआधी जाळ्याजवळ उभी असलेली खेळाडू हात पाठीमागे नेऊन बोटांनी जोडीदारणीला काय खुणा करते, हेच ती टक लावून पाहत होती. परतीच्या वाटेवर कऱ्हाड येईपर्यंत ती मागच्या सीटवर हात पाठीशी धरूनच बसली होती.

त्या आठवड्यात आपल्या संघाने न्यूझीलंडविरुद्धची पहिली लढत गमावली आणि नंतरच्या चारही जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये बेंगळुरूला प्ले-ऑफ, म्हणजे वरच्या फेरीत जाण्यासाठीच्या लढती झाल्या, तेथे स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स या दोघांकडूनही आपण हरलो. मुलगी मला विचारते की जो संघ सलग चार लढती जिंकतो तो पुढच्या दोन सलग कशा हरतो, आणि माझ्याजवळ तिला समाधान देईल असे उत्तर नाही. मी शाळा-कॉलेजात क्रिकेटच खेळलो, टेनिस शिकलो ते मुलीला क्लबात सोडायला जाता जाता.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारतो. या स्पर्धेची रचना नेमकी कशी आहे? आपले घोडे प्ले-ऑफपाशीच का अडते? आणि आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात, जेथे मातीचे एकच कोर्ट आहे आणि तेही जूनपासून ऑक्टोबरपर्यंत शेवाळलेले असते, तेथल्या मुलीने या संघाकडे पाहून काय शिकावे?

वेळणेश्वरकर

तुमच्या मुलीने जे पाहिले त्यातच निम्मे उत्तर आहे, पण आधी रचना सांगतो.

ही स्पर्धा १९६३ साली फेडरेशन कप या नावाने लंडनमध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी १६ देश होते आणि अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला हरवून चषक जिंकला. १९९५ मध्ये तिचे नाव फेड कप झाले आणि २०२० पासून ती बिली जीन किंग यांच्या नावाने ओळखली जाते. तिची उतरंड खालून वर पाहिली तर लवकर उमजते. सर्वांत खाली खंडवार गट आहेत. आपल्या आशिया-ओशनिया विभागातील वरच्या गटात २०२५ साली सहा संघ होते आणि प्रत्येकाला इतर पाचांशी साखळी पद्धतीने खेळायचे होते. पहिले दोन संघ प्ले-ऑफला जातात. प्ले-ऑफमध्ये तीन-तीन देशांचे गट असतात, त्यातील विजेता पुढच्या वर्षीच्या मुख्य पात्रता फेरीत जातो आणि इतरांची पुन्हा खंडवार गटात रवानगी होते. २०२५ साली पात्रता फेरीतून सहा संघ आले, आणि यजमान चीन व गतविजेता इटली धरून शेवटचे आठ ठरले. हे आठ संघ शेनझेनला खेळले आणि इटलीने अमेरिकेला हरवून सलग दुसऱ्या वर्षी चषक आपल्याकडे राखला.

आता एका लढतीविषयी. दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तीन सामने, प्रत्येकाला एक गुण, आणि ज्याचे दोन गुण झाले त्याची लढत. संघात फार तर पाच खेळाडू असतात. त्या दिवशीच्या एकेरीसाठी ज्या दोघी निवडल्या जातात, त्यांच्यात क्रमवारीने खालची असेल ती आधी प्रतिस्पर्ध्यांच्या खालच्या खेळाडूशी खेळते, मग वरच्या दोघी एकमेकींशी, आणि शेवटी दुहेरी. म्हणजे कर्णधाराला आपली चांगली खेळाडू त्यांच्या कच्च्या खेळाडूसमोर आणण्याची चलाखी करता येत नाही. कोणत्या दोघींना उतरवायचे आणि दुहेरीसाठी कोणाला ताजेतवाने ठेवायचे, एवढेच त्याच्या हातात उरते.

माझे मत असे आहे की आपला संघ पहिल्या गुणासाठी कधीच फारसा अडत नाही, तो अडतो दुसऱ्या गुणासाठी. पुण्यात श्रीवल्ली रश्मिका भामिदिपाती पाचही दिवस एकेरी खेळली आणि पाचही सामने जिंकली. न्यूझीलंडकडून आपण हरलो त्या दिवशीदेखील तिने स्वतःचा सामना जिंकलेला होता. याचा अर्थ रोज एक गुण घरात आलेला असायचा आणि प्रश्न उरायचा तो दुसऱ्याचा. तो कधी दुसऱ्या एकेरीतून मिळाला, कधी दुहेरीतून, आणि पहिल्या दिवशी कोठूनच मिळाला नाही.

हेच चित्र मार्च २०२० मध्ये दुबईला दिसले होते. तेव्हाही पाचपैकी चार लढती जिंकल्या, एक चीनकडून हरलो, गटात दुसरे आलो आणि इतिहासात पहिल्यांदा प्ले-ऑफ गाठले. इंडोनेशियाविरुद्धच्या शेवटच्या लढतीत पहिली एकेरी ऋतुजा भोसले हरली, अंकिताने दुसरी जिंकून बरोबरी साधली, आणि अंकिता व सानिया मिर्झा यांनी दुहेरी काढून दिली. सानिया त्या वेळी आई झाल्यानंतर नुकतीच कोर्टवर परतली होती. त्या पुनरागमनासाठी तिला त्या वर्षीचा फेड कप हार्ट पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली.

पुढचे प्ले-ऑफ करोनामुळे लांबले आणि एप्रिल २०२१ मध्ये लॅटव्हियात युर्मालाला झाले. समोर येलेना ओस्टापेन्को आणि अनास्तासिया सेवास्तोवा होत्या. ओस्टापेन्को म्हणजे २०१७ ची फ्रेंच ओपन विजेती. अंकिताने तिच्याशी तीन सेट झुंज दिली, तिसरा सेटही सहज सोडला नाही, पण लढत लॅटव्हियानेच जिंकली. त्यांच्याकडे एक ओस्टापेन्को होती म्हणून आपण हरलो असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते आपण हरलो ते त्यांच्याकडे सेवास्तोवाही होती म्हणून, कारण पहिल्या शंभरातल्या दोन खेळाडू एका संघात असल्या की दुहेरीची वेळच येत नाही किंवा आली तरी तिला अर्थ उरत नाही. आपण दुहेरीच्या बळावर वर चढतो, आणि वर गेल्यावर प्रतिस्पर्धी आपल्याला दुहेरीपर्यंत पोहोचूच देत नाहीत.

कर्ली_खाडी (मालवण)

वेळणेश्वरकरांचे विश्लेषण मला पटते, पण पुण्याच्या यशाचे वजन करताना एक गोष्ट तराजूत टाकायची राहिली. त्या सहा संघांत भारत, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया, थायलंड, चायनीज तैपेई आणि हाँगकाँग होते. चीन, जपान आणि कझाकस्तान नव्हते, कारण ते तिघे वरच्या पायरीवर होते आणि शेनझेनच्या शेवटच्या आठांतही ते तिघे खेळले. २०२३ साली ताश्कंदला आपण तिसरे आलो तेव्हा पुढे गेलेले दोन संघ चीन आणि जपान होते. २०२४ साली चांगशाला पुन्हा तिसरे आलो, तेव्हा चीन आणि कोरिया पुढे गेले. त्यामुळे आपण एका वर्षात फार सुधारलो असे म्हणण्यापेक्षा वाटेतले दोन डोंगर त्या वर्षी वाटेत नव्हते असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. अर्थात कोरियाला आपण पुण्यात हरवले, म्हणजे आदल्या वर्षीची बाकी चुकती केली, आणि ते श्रेय कोणी नाकारू नये.

आता लोकसंख्येविषयी. आपण १४० कोटी असूनही दोन मुली मिळत नाहीत, असे वाक्य अशा प्रत्येक चर्चेत कोणी ना कोणी टाकतेच, म्हणून मी आधीच उलटा हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाखांच्या थोडी वर आणि आमच्या सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आसपास होती. दोन्ही मिळून साडेचोवीस लाख. स्लोव्हेनिया हा अख्खा देश सुमारे २१ लाखांचा आहे आणि लॅटव्हिया १९ लाखांच्या आसपास. म्हणजे राजापूर, देवगड, कणकवली, चिपळूण, दापोली एवढ्या माणसांतून स्लोव्हेनियाने २०२१ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत खेळलेली तमारा झिदानशेक उभी केली.

तेव्हा माणसे मोजून काही साधत नाही. मोजायचेच असेल तर एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीच्या घरापासून एका दिवसाच्या प्रवासात वर्षाला किती स्पर्धा होतात ते मोजावे. स्लोव्हेनियातील मुलगी सकाळी गाडीत बसली तर दुपारी इटलीत, ऑस्ट्रियात किंवा क्रोएशियात खेळू शकते. आमच्या कुडाळची मुलगी सकाळी निघाली तर दुपारी कोल्हापुरात पोहोचते, आणि तेथे त्या आठवड्यात स्पर्धा असेलच असे नाही.

निवृत्त_ग्रंथपाल (चिपळूण)

वरील दोघांनी वर्तमान नीट मांडले आहे. मी मागचे थोडे जोडतो, कारण आपला संघ या स्पर्धेत किती उशिरा आला हे तरुण वाचकांना ठाऊक नसते.

स्पर्धा १९६३ ची, पण भारताचा महिला संघ त्यात पहिल्यांदा उतरला १९९१ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. पुरुषांचा डेव्हिस चषक संघ तोवर अंतिम फेरीपर्यंत जाऊन आलेला होता. महिला खेळत नव्हत्या असे मुळीच नाही. पंडिता क्षमाबाई राव संस्कृतात लिहीत आणि टेनिसही उत्तम खेळत. त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला आणि असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. १९७१ साली निरुपमा मांकड विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत आनंद अमृतराज यांच्याबरोबर खेळल्या. पण त्या काळच्या खेळाडूंना देशाचा संघ म्हणून या चषकात उतरायला मिळाले नाही, आणि मला हे आजही खटकते.

क्रमवारीकडे पाहिले तर वेळणेश्वरकरांचा दुसऱ्या गुणाचा मुद्दा आणखी ठसतो. निरुपमा वैद्यनाथन यांनी १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुख्य फेरीचा सामना जिंकला, पण त्यांची सर्वोत्तम क्रमवारी १३४ होती. सानिया २००७ मध्ये २७ व्या क्रमांकावर पोहोचली. त्यानंतर भारताची एकही महिला एकेरीत पहिल्या शंभरात गेलेली नाही. अंकिताची सर्वोत्तम क्रमवारी १६०. म्हणजे सानियाच्या काळातही शंभराच्या आतली दुसरी नव्हती आणि आज तर पहिलीही नाही. एप्रिल २०१५ मध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली आणि लगोलग हैदराबादला येऊन देशासाठी खेळली, तेव्हा आपला संघ आशिया-ओशनियाच्या गट दोनमध्ये होता. तेथून तो वर आला हे खरे. पण जगातील पहिल्या क्रमांकाची दुहेरीतली खेळाडू आणि दुसऱ्या गटात अडकलेला संघ, हे चित्र एकाच आठवड्यात एकाच कोर्टवर दिसले होते.

चिऱ्याची_भिंत

सर्वांचे मनापासून आभार. ग्रंथपालकाकांनी सांगितलेला १९९१ चा तपशील मुलीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "म्हणजे बाबा, तुम्ही तेव्हा शाळेत होतात." होतो खरा, आणि शाळेत टेनिस हा शब्द मी फक्त टेनिस बॉल क्रिकेटपुरता ऐकला होता.

आता एक अडचण मांडतो. मुलीला दुहेरीच आवडते. तिच्या वयाची एकच मैत्रीण नियमित खेळते, दोघी कायम जोडीने खेळतात, आणि गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला चौदा वर्षांखालील दुहेरीत त्यांनी दोन फेऱ्याही जिंकल्या. वर म्हटल्याप्रमाणे दुहेरीच्या बळावर चढूनही संघ पुढे अडत असेल, तर मी तिला एकेरीकडे ढकलायला हवे का? शिवाय येथे कोर्टवर ती जे फटके सहज मारते ते कोल्हापुरात पहिल्या दिवशी हमखास रेषेबाहेर जातात. प्रशिक्षक म्हणतात, भीती आहे. मला तसे वाटत नाही, कारण ती भ्यायली की मला तिच्या चालण्यावरून कळते.

अलिबागची_सर्व्हिस

मी राज्य पातळीपर्यंत खेळले आणि गेली अनेक वर्षे येथे मुलांना शिकवते, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

दादा, तुमच्या मुलीचे फटके बाहेर जातात त्यात भीतीचा वाटा फार थोडा असावा. रत्नागिरी समुद्रसपाटीला आहे, कोल्हापूर आणि पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि बेंगळुरू नऊशेच्याही वर. जसजसे वर जाल तसतशी हवा विरळ होते आणि त्याच जोराने मारलेला चेंडू अधिक लांब जातो. त्यात आपल्याकडची दमट हवा. येथे डबा उघडल्यावर दोन दिवसांत चेंडूची लोकर फुगते, तो जड होतो आणि मातीवर टप्पा घेतला की थांबल्यासारखा वर येतो. या चेंडूला ढकलण्यासाठी मुलांच्या हाताला पूर्ण झोक देण्याची सवय लागते. तोच झोक घेऊन ती हार्ड कोर्टवर, नव्या चेंडूने, साडेपाचशे मीटर उंचीवर खेळली की चेंडू मागच्या जाळीला लागणारच. मी माझ्या मुलांना घाटावर स्पर्धेच्या एक दिवस आधी नेते, पहिला तासभर त्यांना रेषेच्या आत दीड हातावर लक्ष्य ठेवायला सांगते आणि चेंडूला वरून जास्त फिरकी द्यायला लावते. तारांचा ताण दोन पौंडांनी वाढवला तरी फरक पडतो. मोठ्या खेळाडूही हेच करतात. बेंगळुरूला प्ले-ऑफ घेण्यात यजमानांचा एक फायदा हाच असतो की युरोपातून आलेल्या मुलींना त्या उंचीशी जुळवून घ्यायला वेळ लागावा. तो फायदा आपल्याला पुरला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता एकेरी की दुहेरी. येथे माझे वेळणेश्वरकरांशी थोडे जमत नाही. दुहेरीच्या बळावर संघ वर चढतो हे खरे, पण त्यांच्या लिहिण्यातून दुहेरी म्हणजे एकेरी न जमणाऱ्यांची जागा असा सूर निघतो, आणि तो महाराष्ट्राच्या मुलींवर अन्याय करणारा आहे. प्रार्थना ठोंबरे बार्शीची. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने सानियाबरोबर कांस्यपदक मिळवले आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तिच्याचबरोबर खेळली. ऋतुजा भोसलेने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले, तेही पहिला सेट २-६ असा गमावल्यावर. बार्शी काही महानगर नाही, आणि दुहेरीने बार्शीच्या मुलीला ऑलिम्पिकला नेले आहे.

तरीही तेराव्या वर्षी मी कोणालाच केवळ दुहेरी खेळू देत नाही. दुहेरीत अर्धे कोर्ट जोडीदारणीचे असते, त्यामुळे पायांची उणीव झाकली जाते आणि अठराव्या वर्षी ती उघडी पडते. अंकितानेही दोन्हींपैकी एकही सोडले नाही. ती अहमदाबादची, पण घडली पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे. जाकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २०१८ साली तिला एकेरीचे कांस्य मिळाले, त्याच वर्षी दिल्लीला फेड कपमध्ये तिने कझाकस्तानच्या पुतिन्त्सेवाला हरवले, आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) दर्जाचे विजेतेपद मिळाले ते दुहेरीत. एकेरीतले पाय होते म्हणून ती दुहेरीत उभी राहू शकली. तुमच्या मुलीला मैत्रिणीबरोबर दुहेरी खेळू द्या, पण आठवड्यातील चार दिवस त्याच मैत्रिणीविरुद्ध एकेरी खेळायला लावा. आणखी एक, दोघींपैकी एक हरली की लगेच कोर्ट बदलून पुन्हा खेळवू नका. हरणारीला तेथेच पाच मिनिटे बसू द्या.

क्रमवारीचा डोंगर कसा चढतात हेही सांगते, कारण पालकांना ते कोणी सांगत नाही आणि मग मुलगी सोळा वर्षांची झाल्यावर घरात एकदम खर्चाची चर्चा सुरू होते. महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची खालची पायरी डब्ल्यू १५, मग ३५, ५०, ७५ आणि १००. हे आकडे म्हणजे विजेतीला मिळणारे क्रमवारीचे गुण. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जणी असतात आणि त्यापैकी क्रमवारीने थेट आत जातात त्या १०४. पात्रता फेरी खेळायची म्हटले तरी साधारण सव्वादोनशेच्या आत यावे लागते. आपल्या संघातल्या बहुतेक मुली दोनशे ते चारशे या पट्ट्यात वर-खाली होत असतात, आणि त्या पट्ट्यात बक्षिसाच्या रकमेतून प्रशिक्षकाचा विमानखर्चही निघत नाही. म्हणून त्या बऱ्याचदा एकट्याच हिंडतात, स्वतःच रॅकेटला तारा ओढून घेतात, स्वतःच सरावाला जोडीदारीण शोधतात. या चषकाच्या आठवड्यात मात्र कर्णधार कोर्टवर शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो आणि दर दोन गेमनंतर बोलतो. पुण्यात कर्णधार विशाल उप्पल होते आणि प्रशिक्षक म्हणून पुण्याच्याच राधिका तुळपुळे-कानिटकर होत्या. वर्षभर एकटीने हिंडणाऱ्या मुलीला त्या खुर्चीत आपले माणूस दिसले की तिचा खेळ एका इयत्तेने वर जातो, असे मी स्वतः पाहिले आहे. पुण्यातील चार विजयांत या खुर्चीचा वाटा किती, हे कोणत्याही गुणफलकावर दिसणार नाही.

वेळणेश्वरकर

अलिबागच्या ताईंचा आक्षेप मान्य. दुहेरीला कमी लेखण्याचा माझा हेतू नव्हता, पण तसा अर्थ निघतो हे पुन्हा वाचल्यावर दिसले. माझे म्हणणे संघापुरते होते. शंभराच्या आतल्या दोघी समोर असताना आपली दुहेरी कितीही पक्की असली तरी तिच्यापर्यंत लढत जिवंत ठेवायला एकेरीत किमान एक धक्का द्यावा लागतो, आणि स्लोव्हेनियाविरुद्ध बेंगळुरूत आपण १-२ असे हरलो ते यामुळेच.

मालवणच्या मित्रांनी मांडलेला स्पर्धांचा हिशेब मात्र मला अधिक बोचला. सानियाच्या पिढीपासून आजपर्यंत आपण संघाच्या यशाची चर्चा नावांवर करतो, म्हणजे कोण आली, कोण गेली, कोणाला वगळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेत पंधरा वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि लगेच सगळीकडे पुढची सानिया असे मथळे झळकले. तिला मुंबईत अशी स्पर्धा घरच्या अंगणात मिळाली म्हणून ती तेथपर्यंत गेली, हे त्या मथळ्यांखाली कोठे लिहिलेले मला आढळले नाही.

कर्ली_खाडी (मालवण)

ताई, उंचीचा मुद्दा मला नवीनच होता. आमच्याकडची मुले सांगलीला गेली की पहिला सामना हरून येतात आणि आम्ही त्यांना घाटावरचे पाणी बाधले म्हणून चिडवत होतो. आता त्यांची माफी मागावी लागेल.

चिऱ्याची_भिंत

ताई, तुमचा निरोप काल संध्याकाळी मुलीला वाचून दाखवला. तारांचा ताण वाढवण्याची गोष्ट तिने वहीत लिहून घेतली, एकेरीचे चार दिवस मात्र लिहून घेतले नाहीत. आज सकाळी क्लबाच्या माळीदादांना घेऊन मी कोर्टवर गेलो होतो. शेवाळ खरवडून झाले आहे, वरचा थर काढून नवी माती पसरायची आहे, आणि रोलर दोन दिवस फिरवला की चुन्याच्या रेषा मारता येतील असे ते म्हणाले. तोवर मी दोघींना क्लबाच्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर चेंडू मारायला लावले आहे.

एक शेवटचे विचारतो. भिंतीवर सराव करताना नवे चेंडू वापरावेत की ते फुगलेले जुने, म्हणजे घाटावर गेल्यावर हाताला कमी त्रास होईल?

अलिबागची_सर्व्हिस

नवे वापरा, आणि डबा त्याच दिवशी उघडा. फुगलेले चेंडू सर्व्हिसच्या सरावाला ठेवा, खांद्याला बळ येते. आणि भिंतीवर जाळ्याच्या उंचीची रेघ मारताना मध्यभागी ९१ सेंटिमीटर धरा, बहुतेक ठिकाणी ती अंदाजाने मारलेली असते आणि चार बोटे खाली असते.